न धुतलेली चादर

आमच्या घरी एक सोलापुरी चादर आहे. अख्खी होती, आता अर्धी उरली आहे. मूळ रंग तांबडा, काठाला काळे-पांढरे पट्टे, मधल्या चौकटीत मोर. मांजराचे केस विणीत इतके रुतून बसले आहेत की मोर बघायचा तर चादर खिडकीपाशी उजेडात धरावी लागते. फ्रँकफर्टला आमच्याकडे येणाऱ्या मैत्रिणी ती बघून हळूच विचारायच्या, "अगं, मशीनला लावू का मी?" मी नको म्हणायचे. झटकते, उन्हात टाकते, पण २०१४ पासून तिला पाणी लावलेलं नाही. त्याचं कारण मी आठ वर्षांची होते तेव्हाचं आहे.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. तीन-चार वर्षं झाली की बदलीची ऑर्डर यायची. १९८४च्या मे महिन्यात आम्ही राहुरीजवळच्या मुळा धरणाच्या वसाहतीतून पैठणला, जायकवाडीच्या वसाहतीत जायला निघालो. तेव्हाचं घर हलवणं म्हणजे एक ट्रक, चार हमाल, सुतळीचे गुंडे आणि रद्दी. पितळी भांडी पोत्यात, काचेचं सामान गादीच्या वळकटीत, आणि रोज लागणारी ताटं-वाट्या-पेले सोलापुरी चादरीत गाठोडं बांधून. हे गाठोडं ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढायचं, कारण पोचल्यावर सगळ्यांत आधी तेच लागायचं.

आमच्याकडे भुरी होती. राखाडी रंगाची, डाव्या कानाचं टोक कधीतरी भांडणात गेलेलं. घरातलं सामान बाहेर जाऊ लागलं तशी ती दोन दिवस माळ्यावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ते गाठोडं तेवढं राहिलं होतं, तर ती खाली आली आणि त्याच्यावर चढून बसली. चारी पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून. हमालाने तिला उचलून खाली ठेवलं. ती परत चढली. त्याने पुन्हा उचललं, ती पुन्हा चढली. मग आजीने तिला उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मांजर घराचं असतं बाई, माणसाचं नसतं. नेलं तरी परतच्या वाटेला लागेल आणि रस्त्यात मरेल. नवीन माणसं येतील, ती घालतील दूध."

ट्रक निघाला तेव्हा भुरी पायरीवर होती. पैठणला पोचल्यावर गाठोडं सोडलं, त्या चादरीवर गोल खळगा पडल्यासारखा दिसत होता आणि त्यात तिचे केस. त्या रात्री मी ती चादर पांघरून झोपले. मे महिन्यात. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत आईने ती नळाखाली धुऊन दोरीवर टाकली होती. आईचं काही चुकलं नाही. घर लावायचं होतं, धूळ होती, तिने सगळंच धुतलं. पण ओल्या चादरीला नाक लावून मी उभी होते आणि तिला नुसता साबणाचा वास येत होता, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं.

कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. आपल्याकडे हे कोणीही सांगतं. मी ते पुढे तीस वर्षं खरं मानलं, कारण ते खरं असेल तर पायरीवरची भुरी सुखात होती.

लग्नानंतर पुण्यात कोथरूडला राहत होतो. २०१२च्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, झाकलेल्या स्कूटरच्या सीटखाली एक पिल्लू सापडलं. मुलीने तिचं नाव ठकी ठेवलं. दीड वर्षाने नवऱ्याला फ्रँकफर्टची नोकरी आली. ऑफर लेटर आलं त्या रात्री जेवताना सगळे बोलत होते ते शाळेबद्दल, थंडीबद्दल, घराच्या भाड्याबद्दल. सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या, "ठकीची काळजी करू नका. खाली पार्किंगमध्ये वाढलेली आहे, वॉचमन बघेल." त्यांच्या बोलण्यात कुठलाही दुष्टावा नव्हता. आजीच्याही नव्हता. माझ्या हातातला घास मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी ठकीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर लिहून दिलं ते असं. युरोपीय संघाच्या दृष्टीने भारत रेबीजच्या बाबतीत यादीबाहेरचा देश. तिथे मांजर न्यायचं तर आधी पंधरा अंकी मायक्रोचिप. चिप बसवल्यानंतर रेबीजची लस. लशीला निदान ३० दिवस झाल्यावर रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरमागे निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरलं पाहिजे. ते भरलं तरी, रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मगच विमान.

मी म्हटलं, लस तर झालेली आहे, कार्डावर शिक्का आहे. डॉक्टर म्हणाले, "चिप नव्हती ना तेव्हा. मग ती लस कुठल्या मांजराला दिली हे ते कसं मानणार? चिपच्या आधीची लस धरत नाहीत." म्हणजे सगळं पहिल्यापासून. फेब्रुवारी २०१४च्या सुरुवातीला चिप आणि लस झाली, मार्चच्या मध्यात रक्त गेलं, त्यापुढे तीन महिने. नवऱ्याला एक मार्चला रुजू व्हायचं होतं. तो एकटा गेला. मी, मुलगी आणि ठकी मागे राहिलो.

या थांबण्याबद्दल लोक काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मांजरासाठी नवऱ्याला चार महिने एकटं ठेवणारी बाई, एवढं पुरे. मुलीचं वर्ष एप्रिलमध्ये संपणार आहे, असं कारण मी सांगत राहिले आणि ते खोटंही नव्हतं. पण मनातलं कारण मी एकट्या डॉक्टरांपाशी बोलले. त्यांनी सांगितलं, भारतातून ब्रिटनला मांजर न्यायचं तर २०११च्या अखेरपर्यंत तिथे उतरल्यावर सहा महिने क्वारंटाइनमध्ये ठेवावं लागायचं. परक्या जागी, पिंजऱ्यात, मालकाने भेटायला जायचं. "तुमची तर घरातच थांबणार आहे," ते म्हणाले. त्यानंतर मला ते तीन महिने लांब वाटेनासे झाले. ते तीन महिने का, हेही मला तेव्हाच कळलं. रेबीजचा विषाणू अंगात शिरला तरी लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. लस टोचण्याआधीच शिरलेला विषाणू असेल तर तो या काळात उघड व्हावा, म्हणून ही वाट बघणं. रस्त्यावरच्या कुत्र्यांनी चावून माणसं दगावतात अशा देशातून आपण येतो. त्या नियमाचा मला कधी राग आला नाही.

त्याच दिवसांत मी माहेरी गेले होते. अण्णा जाऊन पाच वर्षं झाली होती. आई भाजी निवडत होती, मी तिला चिप, लस, रक्त असं सगळं सांगत होते. ती मधेच म्हणाली, "तुझे अण्णा परत गेले होते."

"कुठे?"

"भुरीला आणायला. पैठणला येऊन पंधरा दिवस झाले असतील. ऑफिसचे कागद राहिलेत म्हणून सांगून एसटीने गेले. कापडी पिशवी घेऊन गेले होते, नाडीची. आपल्या क्वार्टरमध्ये जे साहेब आले त्यांच्याकडे विचारलं. चार-पाच दिवस पायरीवर बसून असायची म्हणाले. दूध ठेवलं तर पीत नव्हती. मग दिसली नाही."

"मला कधी सांगितलं नाही कुणी."

"काय सांगायचं? रिकामी पिशवी घेऊन आले ते."

आई उठली, कपाटातून ती चादर काढली. तीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली, पण धड. "ही ने तिला," म्हणाली. विमानातल्या पेटीला अख्खी चादर मावणार नव्हती. आईनेच कात्रीने मधून कापली, दोन्हींचे कापलेले काठ दुमडून हाताने टाके घातले. अर्धी मला, अर्धी तिच्याकडे. त्या दिवसापासून माझी अर्धी ठकीच्या अंगाखाली आहे.

जूनच्या शेवटी आम्ही निघालो. शेवटच्या दहा दिवसांत आरोग्याचा दाखला, मग मुंबईला केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाचा शिक्का. ठकीचं वजन पेटीसकट आठ किलोच्या आत, म्हणजे ती माझ्या पायाशी, केबिनमध्ये येऊ शकत होती. झोपेचं औषध द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उंचावर त्याने श्वासाला आणि रक्तदाबाला धोका असतो. निघायच्या आधी पाच तास खाणं बंद.

मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीत पेटी एक्स-रेमधून जाते आणि जनावर हातात घेऊन माणसाने चौकटीतून चालायचं असतं. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि करणं यात फार अंतर आहे. रात्रीचे अकरा, ट्रे आदळल्याचे आवाज, पट्ट्यांचे खडखडाट, शंभर अनोळखी माणसं. मी पेटीची चेन उघडली, ठकीला चादरीत गुंडाळूनच बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. तिची सगळी नखं माझ्या कुडत्यातून आत, खांद्यात रुतली. माझी बोटं तिच्या बरगड्यांवर होती. आत काहीतरी इतकं भरभर धडधडत होतं की ठोका वेगळा लागत नव्हता, नुसती थरथर लागत होती. तपासणाऱ्या बाईंनी यंत्र लांब धरलं, चादरीचं टोक बोटाने बाजूला करून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सोलापुरी का? आमच्याकडची आहे." मग रांगेतल्या माणसांना हाताने मागे थांबवून त्यांनी मला पुढे सोडलं. मुलगी माझ्या ओढणीचा शेव धरून मागोमाग आली. ठकीने नखं काढली ती विमानात बसल्यावर.

फ्रँकफर्टला लाल मार्गाने गेलो, जिथे काही सांगण्यासारखं आणलं असेल तर थांबतात. अधिकाऱ्याने कागद एकेक करून बघितले, स्कॅनर पेटीवरून फिरवला. टुक असा आवाज झाला आणि पडद्यावर पंधरा आकडे आले. त्याने ते बोटाने कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले, पंधराच्या पंधरा. जाऊ दिलं. साडेचार महिन्यांचं काम तीन मिनिटांत झालं.

बाहेर जून महिन्याचा लांबच लांब उजेड आणि मोटारींवर झेंडे. फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. १३ जुलैच्या रात्री जर्मनीने तो जिंकला तेव्हा आमच्या बोकेनहाइमच्या गल्लीत पहाटेपर्यंत फटाके आणि भोंगे. ठकी पलंगाखाली चादरीवर होती आणि मीही तिच्याशेजारी जमिनीवर आडवी पडून होते, कारण त्या देशात मला ओळखीचं असं तेवढंच होतं. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठकीचा युरोपीय पासपोर्ट करून दिला. निळं पुठ्ठ्याचं छोटं पुस्तक, वर पिवळ्या चांदण्या, आत मालकाच्या रकान्यात माझं नाव. डॉक्टरीणबाई तिला "टाकी" म्हणायच्या. ठकी त्या नावालाही कान टवकारायची.

मग घर शोधणं. पहिलं घर कंपनीने सहा महिन्यांपुरतं दिलेलं. पुढचं आपलं आपण बघायचं. जर्मनीत भाड्याच्या घरासाठी अर्ज करताना स्वतःविषयीचा एक तक्ता भरून द्यावा लागतो: पगार किती, माणसं किती, धूम्रपान करता का, पाळीव प्राणी आहे का. छोटा पक्षी किंवा ससा असेल तर घरमालकाला विचारावं लागत नाही. कुत्र्या-मांजराचं तसं नाही. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २० मार्च २०१३ला निकाल दिला की कुत्री-मांजरं सरसकट पाळायची नाहीत असं कलम भाडेकरारात घालता येणार नाही. घरमालकाने प्रत्येक वेळी दोन्ही बाजू तोलून ठरवलं पाहिजे. निकाल चांगला, पण त्याचा उपयोग घर मिळाल्यानंतर. एका घरासाठी पन्नास अर्ज आले की मांजराचा रकाना भरलेला कागद आपसूक खाली जातो. आमच्या ओळखीतले काही जण तिथे रेघ ओढायचे आणि मांजर मागाहून आणायचे. मला ते जमलं नाही. ज्या घरात ती लपून राहणार ते तिचं घर कसं होणार? मी दर अर्जात लिहीत राहिले: एक मांजर. घर मिळायला पाच महिने लागले. शेवटी एका वयस्कर घरमालकिणीने विचारलं, "फोटो आहे?" मी फोनमधला दाखवला. तिने चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि किल्ली दिली.

त्या देशात मांजर घेऊन राहायला जाणाऱ्या कुणालाही मी पहिल्यांदा खिडकी दाखवते. तिथली खिडकी दोन तऱ्हांनी उघडते. एक आपल्यासारखी, दुसरी वरून आत कलते, म्हणजे वर फट मोठी आणि खाली होत होत शून्य. तिला किप म्हणतात. हवा खेळती राहते, पाऊस आत येत नाही, म्हणून सगळे दिवसभर ती तशीच ठेवतात. मांजर वरच्या फटीतून बाहेर पडायला बघतं, घसरतं आणि खालच्या निमुळत्या भागात पोटाशी अडकतं. सुटायला जितकं धडपडेल तितकं खाली दाबलं जातं, मागच्या पायांचा रक्तपुरवठा तुटतो. जनावरांच्या डॉक्टरांना हे इतकं ओळखीचं आहे की या दुखापतीला खिडकीचंच नाव पडलेलं आहे. आमच्या शेजारच्या घरातलं मांजर असं गेलं. त्या घरातल्या आजोबांनी त्यानंतर तिन्ही खिडक्यांना जाळीच्या पाचरी बसवल्या आणि उरलेल्या दोन पाचरी आणून आम्हाला दिल्या. त्यांचं जर्मन मला निम्मं कळायचं. त्या दिवशी सगळं कळलं.

२०१८च्या ऑक्टोबरात आम्ही घर बदललं. फ्रँकफर्टहून ओबरउर्झेलला, टाउनुसच्या डोंगरांच्या पायथ्याशी, जेमतेम पंधरा किलोमीटर. सामान चढवायच्या दिवशी ठकीला न्हाणीघरात कोंडलं, दाराला कागद लावला, आणि तिला शेवटी, चादरीसकट, यू-तीन या मेट्रोच्या गाडीने आम्हीच नेलं. पेटीतल्या मांजराला तिथे तिकीट लागत नाही. नव्या घरी एका खोलीत तिचं सगळं लावलं. तिसऱ्या दिवशी कपाट बसवायला माणसं आली, दार पाच मिनिटं उघडं राहिलं आणि ठकी गेली.

मला सुचलं ते एकच: मांजर घराचं असतं. ती जुन्या घरी निघाली असणार. पंधरा किलोमीटर, मधे मोटारींचा हमरस्ता. त्या संध्याकाळी मी बोकेनहाइमला जाऊन जुन्या घराच्या पायरीवर बसले. आमच्या जागी आलेल्या मुलाने विचारपूस केली, चहा आणून दिला. अण्णा त्या क्वार्टरच्या दाराशी पिशवी घेऊन कसे उभे असतील ते मला तिथे बसून दिसलं. रात्री साडेअकराला मी परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. टासो म्हणून तिथे प्राण्यांची नोंद ठेवणारी संस्था आहे, चिपचा नंबर फुकट नोंदवून घेते, चोवीस तास फोन उचलते. त्यांच्याकडे कळवलं. मुलगी दहा वर्षांची झाली होती, तिने चित्र काढून गल्लीभर कागद लावले: राखाडी पट्टे, पांढरे मोजे, नाव ठकी.

टासोच्या फोनवरच्या बाई मला म्हणाल्या, जुन्या घरी शोधू नका, आधी तुमची इमारत शोधा. नव्या जागेत घाबरलेलं मांजर लांब जात नाही. सगळ्यांत जवळच्या अंधाऱ्या फटीत शिरतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. तळघरं बघा, रात्री बघा, आणि तिच्या वासाची वस्तू तिथे ठेवा. तिला घराचा पत्ता ठाऊक नसतो हो, वास ठाऊक असतो.

चौथ्या रात्री मी चादर घेऊन तळघरात गेले. तिथे प्रत्येक भाडेकरूची फळ्यांची एकेक कोठडी असते, आत सायकली, बर्फावर घसरायच्या पट्ट्या, जुन्या खुर्च्या. दिवा आपोआप विझायचा म्हणून टॉर्च जमिनीवर ठेवला. चादर पसरली, तिच्या कडेला भिंतीला टेकून बसले, काही बोलले नाही. बहुतेक तासभर गेला. मग पलीकडच्या कोठडीतून, उभ्या करून ठेवलेल्या गादीच्या मागून, खरखर ऐकू आलं. आधी मिशा आल्या, त्यांना कोळ्याचं जाळं चिकटलेलं. फळ्यांच्या फटीतून डोकं, मग एक खांदा, मग ताणून ताणून सगळी. माझ्याकडे तिने बघितलंच नाही. चादरीवर आली, तिच्या टाके घातलेल्या काठाला एका गालाने घासलं, मग दुसऱ्या गालाने, मग हनुवटी. तीन वेळा गोल फिरली आणि बसली. चारी पाय अंगाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून.

ती आमच्या दारापासून दोन मजले खाली होती. चारही दिवस.

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. ते दाराची चौकट, खुर्चीचा पाय, आपली पोटरी घासत फिरतं तेव्हा प्रत्येक वस्तूवर आपली खूण ठेवतं. ती आपल्या नाकाला लागत नाही. त्याला ओळखीचं घर म्हणजे या सगळ्या खुणांची बेरीज. भिंती त्यात नाहीत. काही मांजरं जुन्या जागी परत जातात हे खरं आहे, कारण खुणा तिथे राहिलेल्या असतात आणि नव्या जागी त्यांची एकही नसते. आजीचं म्हणणं साफ खोटं नव्हतं. पण त्या दिवशी भुरी घराच्या उंबऱ्यावर बसलेली नव्हती, ती आमच्या गाठोड्यावर बसली होती. आमच्या ताटांवर, आमच्या चादरीवर. तिला जे आपलं वाटत होतं ते ट्रकमध्ये चढणार होतं आणि तिने तीनदा सांगितलं होतं.

हे कळल्यापासून मला त्या म्हणीची चीड आहे. जनावर मागे ठेवायचं असतं तेव्हाच ती आपल्याला आठवते. माझी एक मैत्रीण दुबईला राहते; उन्हाळ्यात नोकऱ्या संपवून लोक परतले की तिच्या वसाहतीत गळ्यात पट्टा असलेली मांजरं दारोदार फिरतात, असं ती दरवर्षी कळवते. त्यातल्या दोन तिच्याकडेच आहेत. चुलतभाऊ सिंगापूरला असतो. तिथे दहांतले जवळपास आठ लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि त्या घरांत मांजर ठेवायला तीसहून जास्त वर्षं बंदी होती. लोक पडदे ओढून ठेवायचे. १ सप्टेंबर २०२४ला ती उठली, आता एका घरात दोन मांजरं ठेवता येतात. त्या दिवशी भावाने पडदा बाजूला सारून खिडकीत बसलेल्या त्याच्या मांजराचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

आणि २०२२चा मार्च. युक्रेनमधून माणसं गाड्या भरभरून येत होती. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनावर मी काही रविवार सूप वाटायला जात होते. एका आजींच्या कोटाची वरची दोन बटणं उघडी होती आणि आतून एक मांजर बघत होतं. त्यांच्याकडे दुसरं सामान म्हणजे एक हातपिशवी. त्यांना सूप दिलं तर आधी बोट बुडवून त्याला चाटवलं. त्याच आठवड्यात आपल्याकडचे विद्यार्थीही तिकडून आपली कुत्री-मांजरं घेऊन भारतात परतले. सरकारने त्यांच्यासाठी कागदपत्रांचे नियम एका वेळेपुरते सैल केले होते. बॉम्ब पडत असताना, वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी पुस्तकं टाकली आणि जनावर उचललं. त्या पोरांविषयी मला जो आदर वाटतो तो शब्दांत नीट येत नाही.

आम्ही गेल्या वर्षी पुण्याला कायमचे परत आलो. जनावर बरोबर आणायचं तर भारताचाही नियम आहे: परदेशात निदान दोन वर्षं राहून बिऱ्हाड हलवणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सामानाबरोबर आणता येतात, संगरोध कार्यालयाची परवानगी आधी लागते. ठकी तेरा वर्षांची झाली आहे. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, मूत्रपिंडं बघितली आणि पासपोर्टाच्या शेवटच्या पानाशी थांबून म्हणाल्या, "टाकी, नीट जा."

आई आता आमच्याकडेच असते. आम्ही पोचलो त्या रात्री तिने ठकीसाठी आतली खोली रिकामी करून ठेवली होती, कोपऱ्यात तिच्याकडची अर्धी चादर घडी घालून. धुऊन धुऊन ती फिकी गुलाबी झाली होती. ठकीने ती हुंगली आणि पुढे गेली. मी पेटीतून माझी अर्धी काढली, कळकट, केसाळ, आणि आईच्या चादरीवर पसरली. ठकी तिच्यावर चढली. आईने खाली वाकून चादरीचा काठ बोटांनी चाचपला, स्वतःचे टाके बघितले. आता धू, असं ती म्हणेल म्हणून मी थांबले होते. ती दिवा मालवून बाहेर गेली.

ज्यांच्या घरी मांजर किंवा कुत्रं आहे आणि हातात परदेशच्या नोकरीचं पत्र आलं आहे, त्यांना एक सांगते. व्हिसाच्या आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. आधी चिप, मग लस, मग ३० दिवसांनी रक्त, हा क्रम चुकू देऊ नका, आणि ज्या देशात जायचं तिथले नियम आजच वाचा. निघायच्या महिनाभर आधीपासून त्याच्या अंगाखालचं कापड धुऊ नका. सामान बांधायला लागलात की ते ज्या वस्तूवर जाऊन बसेल ती वस्तू शेवटी उचला, त्याच्यासकट.